स्पीकर कुणाचा, धूळ कुणाची?



मागच्या महिन्यात बस्तीतून बाहेर पडताना एकीने मला विचारलं, "तुमच्या हॉलमध्ये ते दोन उंच पडद्यांसारखं काय उभं केलंय? देव्हाऱ्याची जाळी आहे का?" मी हसले, पण तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं. ती देव्हाऱ्याची जाळी नाही, स्पीकर आहेत. माझ्या उंचीचे दोन आणि टीव्हीखाली आडवा एक. त्यांना इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणतात. मुलाने वडिलांना सत्तरी पूर्ण झाली म्हणून पुण्याच्या एका गृहस्थांकडून वापरलेले घेऊन दिले. किंमत इथे लिहीत नाही. मला कळली तेव्हा मी मुलाशी दोन दिवस नीट बोलले नव्हते, एवढं सांगते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरात कुठलंही महागडं यंत्र आलं की ते आणायचं ठरवतात पुरुष, लावायला येतो तो तंत्रज्ञ बोलतो पुरुषांशी, माहितीपुस्तिका जाते पुरुषांच्या कपाटात, आणि धूळ मात्र आपल्या वाट्याला येते. आपल्या म्हणजे आपल्या आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या. पुढे काही बिघडलं की पहिला प्रश्न येतो, "कुणी हात लावला?" हा प्रश्न चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता हे स्पीकर असतात कसे, ते आधी समजून घेऊ. मलाही दोन महिने कळलं नव्हतं. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदी शंकू असतो, मागे लोहचुंबक असतं. यात तसं काही नाही. केसापेक्षाही पातळ अशी प्लास्टिकची फिल्म दोन जाळीदार धातूच्या पत्र्यांच्या मधोमध ताणून बसवलेली असते. त्या फिल्मवर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार ठेवलेला असतो. गाण्याचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने वाढवून दोन्ही पत्र्यांना उलटसुलट दिला की एक पत्रा फिल्मला ओढतो, दुसरा ढकलतो, आणि फिल्म हलून आवाज निघतो. इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये असा स्पीकर बाजारात आणला, म्हणजे ही कल्पना माझ्या वयापेक्षाही जुनी आहे. पुढे अमेरिकेतल्या मार्टिनलोगनसारख्या कंपन्यांनी पडदा किंचित बाकदार केला आणि खर्जाच्या आवाजासाठी खाली साधा स्पीकर जोडला. आमचे त्याच जातीचे आहेत.

हिवाळ्यात नायलॉनची साडी अंगाला चिकटते, चटचट करते ना? किंवा केसातून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात? तेच तत्त्व इथेही आहे. म्हणूनच हा पडदा धूळ ओढून घेतो. आमचं घर सांगलीचं, रस्त्याला लागून. त्यात ह्यांचा जन्म हळदीच्या पेढीवर गेलेला. अजूनही दुकानावरून आले की सदऱ्यावर हळदीचा भुरका असतो. अशा घरात असली वस्तू आणताना मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी आधी धुळीचं विचारलं असतं.

मांडणीच्या वेळी मुलगा दोन दिवस राहिला होता. हे स्पीकर पुढे जेवढा आवाज टाकतात तेवढाच मागेही टाकतात. त्यामुळे भिंतीला टेकवून ठेवले की मागचा आवाज भिंतीवर आपटून पुढच्या आवाजात मिसळतो आणि सगळा गोंधळ होतो. मागे किमान दोन-तीन फूट जागा हवी. मग माझं शोकेस हललं, दिवाण हलला, सासूबाईंच्या वेळची शिसवी पेटी आतल्या खोलीत गेली. मी कुरकुर केली, पण एक गोष्ट मला आवडली. स्पीकर किती वळवायचा हे बघायला मुलाने मला नेहमीच्या खुर्चीत बसवलं, हनुवटीपाशी टॉर्च धरायला लावला आणि उजेड पडद्यावर टाकायला सांगितला. उजेडाचं प्रतिबिंब पडद्याच्या आतल्या बाजूच्या, म्हणजे दुसऱ्या स्पीकरकडच्या, तिसऱ्या भागात दिसलं की कोन बरोबर. दोन्हीकडे सारखं दिसेपर्यंत आम्ही तासभर सरकवत होतो. मुनिमहाराजांना आदाननिक्षेपण समिती असते, वस्तू बघून उचलायची आणि बघून ठेवायची. त्या दिवशी प्रत्येक वेळी सरकवण्याआधी खाली मुंगी आहे का ते मी बघत होते आणि मुलगा वैतागत होता.

टीव्हीखालचा आडवा स्पीकर मधोमध हवा, आणि बसणाऱ्याच्या कानाकडे थोडा वर झुकवलेला. सिनेमातली बोलणी बहुतेक करून त्याच्यातूनच येतात. यांना कानाने कमी ऐकू येतं. पूर्वी टीव्ही इतका मोठा असायचा की शेजारी दार वाजवायचे. आता निम्म्या आवाजात यांना शब्द कळतात. खरं सांगायचं तर हे स्पीकर घरात राहिले ते एवढ्या एका कारणाने. नाहीतर परिग्रहाच्या हिशोबात मी ते परत पाठवायला निघाले होते.

हो, परिग्रहाचं बोलायलाच हवं, कारण मला माहीत आहे तुमच्यातल्या काहीजणी वाचताना तेच मनात म्हणत असतील. माझ्या वहीत परिमाणाची यादी आहे, वीस वर्षांपासून. यादीत नसलेली वस्तू आली तर तेवढ्या किंवा जास्त वस्तू घराबाहेर जायला हव्यात. जुनी म्युझिक सिस्टीम, वरच्या खोलीतला टीव्ही आणि न वापरलेले दोन मिक्सर देऊन टाकले. तरी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर नाही, मूर्च्छेवर आहे, हे मला पाठ आहे. मूर्च्छा किती होती ते मला भाद्रपदात कळलं.

दशलक्षण पर्वाच्या आधीची साफसफाई चालू होती. आमच्याकडे बारा वर्षं येणारी बाई हॉल करत होती. मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "आज सगळं पूस, एक कोपरा ठेवू नकोस." माझे हेच शब्द. तिने काच पुसायचा फवारा घेतला, दोन्ही पडद्यांवर मारला आणि ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं. प्लग चालू होता. संध्याकाळी यांनी भक्तामर लावलं तर डाव्या स्पीकरमधून चटचट आवाज यायला लागला आणि गाणाऱ्याचा आवाज खोल गेल्यासारखा वाटू लागला. तो पडदा गेला. नवा मागवावा लागला.

मग तो प्रश्न आलाच. "कुणी हात लावला?"

ती बाई दारात उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. हे म्हणाले, दरमहा थोडे थोडे पगारातून कापू. मी त्या वेळी गप्प बसले. आजही त्याची लाज वाटते. रात्री झोप आली नाही तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. काही हजार व्होल्टच्या यंत्रावर तिने ओलं फडकं लावलं होतं, आणि आमच्यापैकी एकानेही तिला विचारलं नाही की बाई, तुला काही झालं का? आम्ही सगळे आधी स्पीकरजवळ धावलो. त्या पडद्यावरचा विद्युतप्रवाह अगदी कमी असल्यामुळे त्याने इजा होत नाही, असं पुस्तिकेत लिहिलंय. पण ते आम्ही नंतर वाचलं. त्या वेळी आम्हाला ते माहीत नव्हतं, तरी आम्ही विचारलं नाही. मूर्च्छा म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका मागितली. यांच्या कपाटात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: पडद्यावर किंवा त्याच्या जवळ कसलाही द्रव फवारू नका. एवढ्या पैशांची वस्तू आणि तिची पाच ओळींची सूचना तिघांपैकी कुणी वाचली नव्हती. मुलाने वाचली असेल तर त्याने सांगितली नव्हती. मग दोष कुणाचा? मी बी.कॉम. झालेली बाई आहे, घरखर्चाची वही चाळीस वर्षं ठेवते. नव्या पडद्याचा खर्च मी 'दुरुस्ती' या खात्यावर लिहिला. बाईच्या नावावर एक रुपया लिहिला नाही आणि यांना सांगितलं की पगार कापायचा असेल तर आधी माझा हातखर्च कापा, 'सगळं पूस' मी म्हटलं होतं. हिंसेच्या व्याख्येतही प्रमाद हा शब्द आधी येतो. प्रमाद आमचा होता. तिने तर सांगितलेलं काम केलं होतं.

हे दोन दिवस घुश्शात होते. एका मैत्रिणीने मला समजावलं की नोकरमाणसांना इतकं डोक्यावर बसवू नये, उद्या सोन्याची बांगडी हरवली तर काय करशील? मला हे पटत नाही. हरवणं वेगळं, आणि न शिकवलेलं चुकणं वेगळं.

नवा पडदा बसवायला आलेल्या तंत्रज्ञाची एक गंमत. मी विचारलं, "या प्लगला अर्थिंग नीट आहे का, आमचं वायरिंग जुनं आहे." त्याने यांच्याकडे बघून उत्तर दिलं. मी परत विचारलं. त्याने परत यांनाच सांगितलं. शेवटी हेच म्हणाले, "अहो, प्रश्न त्यांचा आहे, त्यांना सांगा." (तेव्हा मी यांना मनातल्या मनात माफ केलं.)

आता आमच्याकडे चालतं ते असं. स्पीकर मीच साफ करते, महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी. शनिवारी रात्रीच प्लग काढून ठेवते, कारण प्लग काढल्यावरही भार काही तास फिल्मवर राहतो आणि तोवर धूळ सुटत नाही. सकाळी मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली हलक्या हाताने, नंतर व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशाच्या तोंडाने बाहेरून. ओलं फडकं नाही, फवारा नाही, जाळीत काडी घालायची नाही. धूप देव्हाऱ्यापुरता, हॉलमध्ये फिरवायचा नाही, फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावायचं. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा. दमट हवा या जातीच्या स्पीकरना मानवत नाही, म्हणून पावसाळ्यात ओले कपडे हॉलमध्ये वाळत घालणं बंद.

आणि जीवांचं. पावसाळ्यात दिव्यावर येणारे बारीक किडे, पाकोळ्या तुम्हाला माहीत आहेत. तो जाळीचा पडदा, आत भार. एखादा जीव आत गेला तर? काही नव्या स्पीकरमध्ये गाणं थांबलं की थोड्या वेळाने भार आपोआप बंद होतो. आमच्यात प्लग असेपर्यंत चालूच. म्हणून चातुर्मासात दिवेलागणीनंतर आमच्याकडे स्पीकर बंद आणि प्लग बाहेर. भक्तामर आणि नाट्यगीतं दुपारी. यांनी आधी कटकट केली, आता सवय झाली. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही हे मान्य, पण टाळता येते तेवढी तरी टाळावी. विजेतच जीव आहेत की नाहीत, महाराजांनी माईक वापरावा की नाही, या आपल्याकडच्या जुन्या वादात मी पडत नाही. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. किडा मात्र मला दिसतो.

या सूचना मी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून स्पीकरमागच्या भिंतीवर चिकटवल्या. बाई सातवी शिकलेली आहे, तिने एकदा मोठ्याने वाचून दाखवल्या. तुमच्याकडे जे काही असेल, पाणी शुद्ध करायचं यंत्र, इंडक्शनची शेगडी, जावयाने आणलेला तो फिरणारा झाडू, त्याची पुस्तिका कपाटातून बाहेर काढा. इंग्रजी अवघड वाटलं तर नातवाकडून वाचून घ्या, पण आपल्या हाताने मराठीत लिहा आणि कामाला येणारीला दाखवा.

क्षमावाणीच्या दिवशी बस्तीतून आल्यावर मी तिच्यासमोर हात जोडले. ती इतकी गोंधळली की तिनेच माझे हात धरले. हे खुर्चीत बसून होते. थोड्या वेळाने उठले आणि तिला म्हणाले, "बस इथे, या खुर्चीत. मधोमध बस." आणि त्यांनी एक नाट्यगीत लावलं. ती पदर सावरून खुर्चीच्या अगदी कडेला बसली, शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण काकू, एवढ्या मोठ्या वस्तूचा आवाज एवढा हळू कसा?"