नव्या गाडीवरचे कवच

सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी अकरा वर्षांनंतर नवी गाडी यावयाची होती. गाडी ठरली, रंग ठरला, कर्जही मंजूर झाले. आणि अगदी शेवटच्या बैठकीत शोरूममधील विक्रेत्याने एक जास्तीचा कागद पुढे सरकवला. संपूर्ण गाडीवर पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ, बसवण्याचा खर्च १,१८,००० रुपये. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने कागद वाचून लगेच होकारार्थी मान हलवली. अण्णांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि “घरी बोलू” म्हणाले. त्यानंतर दोन दिवस घरात या विषयावर कोणीच काही बोलले नाही, यावरूनच मतभेद किती खोल होता ते कळावे.

नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे आज हा कागद येतो. तो येण्याची वेळही मोठी नेमकी निवडलेली असते. बारा-चौदा लाखांचा आकडा एकदा मनाने स्वीकारला, की त्यापुढे लाखभर रुपये किरकोळ वाटू लागतात. विक्रेत्याने तर “कर्जातच टाकून देऊ, हप्त्यात कळणारही नाही” असे सुचवले होते. अण्णांनी रात्री हिशेब मांडला. नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी १,१८,००० रुपये कर्जात घातले, तर महिन्याला सुमारे २,४५० रुपये हप्ता वाढतो आणि फेड संपेपर्यंत एकूण १,४७,००० रुपयांच्या आसपास जातात. आडतीच्या वहीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा आकडा कळल्याशिवाय राहणार नव्हता.

ही फिल्म म्हणजे नेमके काय, हेही समजून घेणे इष्ट. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात प्राइमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हे सर्व मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. त्याला पॉलिश मारले की दर वेळी त्यातला थोडा भाग झिजतो. पीपीएफ हा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीचा चिकट व लवचिक पापुद्रा. त्याचे मूळ लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती धूळ-खड्यांपासून वाचवण्यासाठी अशी फिल्म वापरली गेली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि तेथून घरगुती गाड्यांवर आली. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरावर पडलेले बारीक चरे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. ही जाहिरातीची थाप नव्हे, खरी गोष्ट आहे. मात्र खिळ्याने फिल्म फाटली तर ती सांधत नाही, आणि पत्र्याला पोचा पडणार असेल तर फिल्म तो थांबवू शकत नाही.

सिरॅमिक कोटिंग ही याहून वेगळी वस्तू. तो फार पातळ थर असतो. पाणी आणि धूळ सहज निथळण्यास त्याची मदत होते, पण उडालेल्या खड्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. विक्रीच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून हे सांगणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. विकायला काढलेली जुनी गाडी त्यांनी अंगणात धुऊन घेतली, मुलाला वही-पेन घेऊन बाहेर बोलावले आणि म्हणाले, “अकरा वर्षांत हिला कुठं काय लागलं, ते लिहून काढू.” कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हा दस्तऐवज अधिक भरवशाचा ठरला.

पुढच्या बंपरचे दोन्ही कोपरे खरवडलेले होते. ते फाटकाच्या खांबाचे काम. बॉनेटच्या पुढच्या कडेवर खड्यांचे बारीक पांढरे ठिपके होते, पुणे-बेंगळुरू महामार्गावर पुढे धावणाऱ्या मालमोटारींनी उडवलेले. उजव्या मागच्या दारावर एक लांब रेघ होती. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या कांड्यांनी ओढलेली ही रेघ या भागातील अर्ध्या गाड्यांवर आढळेल. दारांच्या कडांचा रंग उडालेला, मुठींच्या मागच्या खोबणीत नखांचे आणि अंगठ्यांचे चरे, डिकीच्या उंबऱ्यावर पोती चढवताना-उतरवताना घासल्याच्या खुणा. छतावर क्लिअर कोट उन्हाने पांढुरका होऊन सुटू लागला होता. उरलेल्या सर्वांगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे होते, आणि ते कोणत्याही अपघाताचे नव्हते. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याच्या नेमाचे होते. धुळीसकट फडके फिरवणे म्हणजे हलक्या हाताने सॅंडपेपर फिरवणेच. घरोघरी हे काम निष्ठेने चालते.

डाव्या पुढच्या दारावर एक आडवा ओरखडा होता. अण्णांना तो कशाचा ते आठवेना. मुलगा मात्र क्षणाचाही विचार न करता म्हणाला, “माझ्या सायकलच्या हँडलचा. आठवीत होतो. गाडी येऊन पंधराच दिवस झाले होते.” त्या दिवशी शेजारपाजारी ऐकू जाईल असे बोलणे त्याने खाल्ले होते आणि रात्री न जेवता झोपला होता. अण्णांना ओरखडाही आठवत नव्हता आणि बोलणेही. “आता सुट्टीत ताईची मुलं येतील,” मुलगा वहीकडे पाहत म्हणाला. “सगळ्या गाडीवर फिल्म असली, तर कुणी कुणाला काही बोलणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं.”

अण्णा काही वेळ दाराच्या पत्र्यावरून बोट फिरवत उभे राहिले. मग त्यांनी ते पान मागून घेतले आणि प्रत्येक नोंदीपुढे खुणा करण्यास सुरुवात केली: येथे फिल्म उपयोगी, येथे निरुपयोगी, येथे दुसरा उपाय.

या पानाने निर्णय बराच सोपा केला. खडे लागतात ते बंपर, बॉनेटची पुढची कड आणि आरशांच्या पाठी यांनाच. रोजची झीज होते ती मुठी, दारांच्या कडा आणि डिकीचा उंबरा येथे. अरुंद अंगणात सायकली टेकतात त्या डाव्या बाजूला. एवढ्याच भागांवर फिल्म बसवण्याचा दर त्यांनी बाहेरच्या दोन कारागिरांकडून काढला. एकाने ३८,००० सांगितले, दुसऱ्याने कर धरून ३४,०००. अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा सांगितलेल्या आकड्यात तो धरला आहे की नाही, हे आधीच विचारावे. एक पॅनेल चांगल्या ठिकाणी पुन्हा रंगवण्यास काही हजार रुपये लागतात. तेव्हा ज्या भागाला अकरा वर्षांत काही झालेच नाही, त्यावर आज पैसे चिकटवण्यात हशील नाही. विम्यातून रंगकाम करून घेता येते हे खरे, पण लहानशा ओरखड्यासाठी दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. तो पाच दावारहित वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो.

याचा अर्थ पूर्ण फिल्म सर्वांनाच अनावश्यक आहे असा नव्हे. गडद काळा किंवा गर्द निळा रंग, रस्त्यावरच उभी राहणारी गाडी, आठवड्यातून दोनदा महामार्गाचा प्रवास आणि आठ-दहा वर्षे गाडी ठेवण्याचा विचार, असे सारे एकत्र येत असेल तर ती परवडू शकते. चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. जुन्या गाडीचा ग्राहक मूळ रंग शाबूत असल्याबद्दल थोडे अधिक देतो. फिल्मची पावती पाहून त्यावरचा सारा खर्च भरून देणारा ग्राहक विरळा.

बसवून घ्यायचीच असेल, तर घाई करू नये. फिल्म पॉलियुरेथेनची आहे की स्वस्त पीव्हीसीची, हे पाहावे; पीव्हीसी आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते आणि तडकते. वॉरंटी फिल्मच्या उत्पादकाची आहे की केवळ दुकानदाराची, आणि ती लेखी आहे का, हे तपासावे. ती बहुधा पिवळेपणा, तडे आणि सुटणे यांपुरती असते. ओरखडे व अपघात तीत येत नाहीत. फिल्म संगणकावर मापाने कापून आणतात की गाडीवरच पात्याने कापतात, हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण कच्च्या हाताचे पाते फिल्मखालच्या रंगावर कायमची रेघ ठेवून जाते. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर बसवलेली फिल्म काढताना रंगही सोबत येऊ शकतो. बसवल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नये, आणि पुढेही जोरदार पाण्याचा फवारा कडांवर जवळून मारू नये. काचांचा विषय यापासून निराळा ठेवावा; तेथील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निर्बंध घातले आहेत.

अण्णांच्या घरी शेवटी ३४,००० रुपयांचे काम ठरले, तेही कर्जाबाहेर, रोखीने. कोरडे फडके बंद झाले. त्याऐवजी दोन बादल्या आणि मऊ मायक्रोफायबर कापड आले. बोअरच्या जड पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून गाडी धुतल्यावर लगेच टिपून घेण्याचे काम आईंनी स्वतःहून अंगावर घेतले.

वहीतील पहिल्या नोंदीपुढे मात्र अण्णांनी फिल्मची खूण केली नव्हती. गाडी घरी येण्याच्या आदल्या दिवशी गवंडी आला आणि त्याने फाटकाचा डावा खांब नऊ इंच मागे घेतला. सायकलींसाठी मागच्या भिंतीला दोन कड्या ठोकून घेतल्या, त्या मुलाने.