पगारवाढीचा विनोद

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही हिंदी मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. तिचे चार हजारांहून अधिक भाग प्रक्षेपित झाले आहेत. तिच्यातील जेठालाल गडा या व्यापाऱ्याचे विद्युत उपकरणांचे दुकान असून त्या दुकानात नट्टू काका नावाचा वयोवृद्ध नोकर आहे. संधी मिळेल तेव्हा शेठजींना, पगार कधी वाढवणार, असे विचारणे हे या पात्राचे ठरलेले काम. प्रश्न येतो, शेठजी वैतागतात आणि घरोघरी हशा पिकतो. पगारवाढीची मागणी वर्षानुवर्षे विनोद म्हणून चालते, आणि तो ऐकून हसणाऱ्यांत बहुसंख्य पगारावर जगणारेच असतात, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारात पाडणारी आहे.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य शेंद्र्याला आहे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ही औद्योगिक वसाहत. २००१ साली येथे स्कोडा मोटारींचे उत्पादन सुरू झाले. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये शेंद्रा-बिडकीनचा समावेश झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक नगराचे वाजतगाजत उद्घाटन झाले. शेंद्रा, कुंभेफळ, करमाड या गावांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारी तरुण मुले कामाची पाळी संपवून रात्री जे पाहतात त्यांत विनोदी कार्यक्रमांचा वाटा मोठा आहे. पूर्वी एका संचासमोर दहाजण बसत, आता दहाजणांच्या हातांत दहा मोबाईल असतात, एवढाच फरक. यांतील पुष्कळजण ठेकेदाराकडे नोंदलेले असतात. नट्टू काकांचा प्रश्न आपण कोणाला विचारावा, हे त्यांना सांगता येत नाही. कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार कारखान्याच्या दराकडे. जेठालाल हा कितीही चिक्कू असला तरी त्याला चेहरा आहे, तो रोज दुकानात येतो, नोकराच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसतो. त्या हास्यात अशा मालकाबद्दलची एक सुप्त ओढ मिसळलेली आहे, असे माझे मत आहे. सरंजामी संबंधातील ऊब आणि त्यातील अन्याय या दोहोंचे ते मिश्रण आहे; आणि ज्याला ऊबही मिळाली नाही त्याला ते अधिक गोड लागते.

दूरचित्रवाणीवरील विनोद प्रारंभापासून असाच होता काय? मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका मराठी घरांत पोचली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत. चिमणराव हा कारकून. त्याचा भित्रेपणा, बढाईखोरपणा, संसारातील ओढाताण यांवर आपण हसत होतो, पण ते हसणे घरातल्या माणसाला हसण्यासारखे होते. पुढे १९८८ साली आलेल्या ‘वागळे की दुनिया’तील श्रीनिवास वागळे हाही विक्री विभागातील कारकूनच. आर. के. लक्ष्मण यांची ती कल्पना, दिग्दर्शन कुंदन शहा यांचे. महिनाअखेर, साहेब, महागाई यांतून चालणारा त्याचा दिवस पाहताना पगार ही चेष्टेची बाब वाटत नव्हती. पगार अपुरा आहे हे कथेचे गृहीत होते. त्याआधी १९८६-८७ मध्ये सईद मिर्झा आणि कुंदन शहा यांच्या ‘नुक्कड’मध्ये तर तारतंत्री, सायकल दुरुस्त करणारा, मोलकरीण, बेवडा अशी सारी नाक्यावरची माणसे नायक होती. ‘नुक्कड’ भावविवश होते, हा आक्षेप मला मान्य आहे. तथापि काम करणारी माणसे एकमेकांशी बोलताना विनोद करतात, आणि तो विनोद बहुधा वरच्यांविषयी असतो, एवढे त्या मालिकेला ठाऊक होते.

मग कारकुनाचे काय झाले? २००१ मध्ये, म्हणजे शेंद्र्यात पहिली मोटार तयार झाली त्याच वर्षी, ‘ऑफिस ऑफिस’ ही मालिका सुरू झाली. पंकज कपूर यांनी रंगवलेला मुसद्दीलाल हा सामान्य नागरिक सरकारी कचेऱ्यांतून हेलपाटे घालतो आणि प्रत्येक टेबलावरील कर्मचारी त्याला नागवतो. पंकज कपूर यांच्या अभिनयाविषयी दुमत होणार नाही, आणि तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत ज्यांनी खेटे घातले आहेत त्यांना ती पीडा खोटी वाटणार नाही. प्रश्न निराळा आहे. तेरा वर्षांपूर्वी जो कारकून आपला प्रतिनिधी होता तो आता आपला शत्रू झाला. याच काळात सार्वजनिक उद्योगांची निर्गुंतवणूक जोरात चालू होती, सरकारी नोकरभरती आखडत होती आणि जे जे सरकारी ते ते कुचकामी ही धारणा मध्यमवर्गात मुरत होती. मालिकेच्या लेखकांनी ठरवून हे केले, असा आरोप मी करणार नाही. विनोदी लेखक वाऱ्याची दिशा इतरांआधी ओळखतो, इतकेच. परंतु खासगी रुग्णालयाचे बिल, शाळेची देणगी, विमा कंपनीची बारीक अक्षरांतील अट, ठेकेदाराने कापलेला पगार यांच्याभोवती फिरणारा, तितक्याच ताकदीचा मुसद्दीलाल त्यानंतर लोकांच्या स्मरणात राहिलेला नाही. छळाचे हे नवे प्रकार जुन्यांहून कमी हास्यास्पद आहेत काय?

याचे एक कारण विनोदाचा खर्च कोण भागवतो यात आहे. मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा दूरदर्शनवर जाहिराती नव्हत्या. त्या १९७६ पासून आल्या. संच बाळगण्याबद्दल प्रेक्षक परवाना शुल्क भरत असे, ते १९८५ मध्ये रद्द झाले. आपण शुल्कातून सुटलो म्हणून आनंद मानला, पण त्याबरोबर ग्राहकाचे स्थानही सोडले. कॅनडातील अभ्यासक डॅलस स्माइथ यांनी १९७७ मध्ये असे मांडले होते, की जाहिरातींवर चालणाऱ्या माध्यमांचा खरा माल कार्यक्रम नसून प्रेक्षक हा आहे. कार्यक्रम हे त्याला बाजारात आणण्यासाठीचे आमिष. हे एकदा ध्यानात घेतले की गोकुळधाममधील रहिवाशांचे व्यवसाय, त्यांच्या सणांची रेलचेल, त्यांच्या घरांतील वस्तू यांचा उलगडा होतो. विक्रीला ठेवलेल्या प्रेक्षकाला त्याच्या पगाराची आठवण फार वेळ राहू देणे परवडणारे नसते. ती यावी आणि हशा होऊन निघून जावी. यासाठी अमेरिकेत १९५० च्या दशकातच यंत्रातून हशा भरण्याची सोय चार्ल्स डग्लस यांनी करून ठेवली होती. आपल्याकडे आता परीक्षकांच्या आसनांवर बसलेली नामवंत माणसे ते काम प्रत्यक्ष करतात.

नाही म्हणायला, याच्या नेमकी उलट परंपरा आपल्या मातीत होती. तमाशाच्या वगातील सोंगाड्या हाही नोकरच. राजाचा शिपाई किंवा पाटलाचा गडी. पण वग संपेपर्यंत धन्याची फजिती करण्याचा हक्क त्याचा असे. वरच्याच्या तोंडचा शब्द आपल्या बोलीत वळवून घ्यायचा आणि त्यातला पोकळपणा बाहेर काढायचा, ही त्याची रीत. सत्यशोधक जलशांनी ती शेटजी-भटजींवर वापरली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने ती गिरणगावात नेली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके आले. निळूभाऊ तर माळीकाम करून तालमींना जात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा त्या त्या दिवसाच्या राजकारणावर जागच्या जागी टोले मारीत, म्हणून तोच प्रयोग लोक पुन्हा पाहायला जात. आपल्या विद्यापीठातील नाट्यशास्त्राचे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये मराठवाडी बोली एकट्याच्या बळावर रंगमंचावर उभी केली, तेव्हा तीत बोलणारी माणसे भाबडी होती, पण मूर्ख नव्हती. छोट्या पडद्यावर हीच बोली आली की पात्र काही बोलण्याआधीच हशा का सुरू होतो, हे मराठवाड्यातील प्रेक्षकाने स्वतःला विचारून पाहावे.

मराठीतील अलीकडच्या कार्यक्रमांना सरसकट मोडीत काढण्याचा माझा हेतू नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून चालू आहे. त्यातील समीर चौघुले, नम्रता संभेराव यांच्यासारख्यांची तयारी कोणत्याही रंगभूमीला भूषणावह आहे, आणि गौरव मोरे याने पवईच्या फिल्टरपाड्याचे नाव अभिमानाने मिरवले, ही मला क्षुल्लक गोष्ट वाटत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’त सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचीत. शेतकरी, कष्टकरी, विसरलेले आईबाप त्या पत्रांतून येत आणि सभागृह स्तब्ध होई. पत्रे उत्तम असत. मात्र कार्यक्रमाची रचना पाहा. शेतकऱ्याला प्रवेश मिळे तो हशा थांबवून, रुमाल बाहेर काढल्यावर. त्याच्या दुःखासाठी एक राखीव कोपरा होता. त्याने आत येऊन बाजारभाव पाडणाऱ्याची टवाळी करावी, अशी जागा क्वचितच. दया दाखवणे सोपे असते, कारण तिने कोणाचे आसन हलत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. आठवड्याचे तास तेवढेच राहतील आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच होईल, असे सांगण्यात आले. ठेकेदाराच्या रजिस्टरात असलेला मुलगा संमती नाकारतो आहे, या एवढ्या एका प्रसंगावर जुन्या सोंगाड्याने अर्धी रात्र गाजवली असती. वाहिन्यांच्या विनोदात तो प्रसंग मला आढळला नाही.

इकडे वसाहतीतील काही मुले जेवणाच्या सुटीत मोबाईलवर स्वतःच छोट्या चित्रफिती करू लागली आहेत. एक पर्यवेक्षक होतो, एक ठेकेदार, बाकीचे पाळीतले कामगार. बोली अस्सल शेंद्र्याची. त्यांतील दोन-तीन पाहून मी मोकळेपणाने हसलो. त्याही जाहिरातींच्याच बाजारात उतरतात, हे खरे. ठेकेदाराचे सोंग आणणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधतो, आणि मागच्या भिंतीवरील कारखान्याचे नाव दिसू नये म्हणून एकजण सारा वेळ तिथे हात पसरून उभा असतो.