‘पाठविलें’ आणि ‘पोंचलें’

पत्र लिहून पेटींत टाकलें म्हणजे आपलें काम संपलें, असें आपल्या वडील मंडळींनीं कधींच मानलें नाहीं. पत्र पावल्याची व मजकूर कळल्याची एक ओळ उलट टपालीं येईपर्यंत पाठविणाराच्या जिवास स्वस्थता नसे. हा जुना विवेक ईमेलच्या दिवसांत मात्र सुटत चालला आहे. संगणकाच्या पडद्यावर ‘आपला अर्ज पाठविला आहे’ अशीं अक्षरें उमटलीं कीं आपण निर्धास्त होतों. या निर्धास्तपणाची किंमत कोणास द्यावी लागते आणि ती टाळावी कशी, याचा विचार आम्ही या महिन्यांत करणार आहोंत. आमच्या वाचकांच्या घरोघरीं एखाद्या शाळेचें वा मंडळाचें संकेतस्थळ हौसेनें तयार करून देणारे चिरंजीव अथवा कन्या असतात. त्यांनीं हें विवेचन विशेष लक्षपूर्वक वाचावें.

उदाहरणादाखल सिरोंचा हें गांव घेऊं. प्राणहितेच्या कांठीं, ती गोदावरीस मिळते त्या संगमाजवळ, महाराष्ट्राच्या अगदीं आग्नेय टोंकास हें तालुक्याचें ठाणें वसलें आहे. जिल्ह्याचें ठाणें जें गडचिरोली, तें येथून सुमारें २०० किलोमीटर दूर. पावसाळ्यांत नदीनाले भरले म्हणजे वाटा बंद होतात; जुलै २०२२ च्या महापुरांत तर नदीकांठच्या गांवांतील लोकांस घरें सोडावीं लागलीं. अशा ठिकाणीं, समजा, एका वसतिगृहाच्या संकेतस्थळावर प्रवेशाचा अर्ज ठेविला आहे. दूरच्या खेड्यांतील पालकानें तो भरला, पडद्यावर ‘पाठविला’ असें वाचलें, आणि तो उत्तराची वाट पाहत बसला. इकडे अधीक्षकांच्या पेटींत कांहींच आलें नाहीं. मुदत टळली. शहरांत अशी चूक दुसरे दिवशीं समक्ष जाऊन निस्तरतां येते. येथें तीच चूक एखाद्या मुलीचें अख्खें वर्ष घेऊन जाते.

दोष शोधावयाचा तर टपालाचा मार्ग प्रथम ठाऊक पाहिजे. ईमेल एका यंत्रानें दुसऱ्याच्या हवालीं कसें करावें, याचे जे नियम पुढें सर्वत्र रूढ झाले, ते ‘एसएमटीपी’ या नांवानें अमेरिकेंतील जॉन पोस्टेल यांनीं ऑगस्ट १९८२ मध्यें प्रसिद्ध केले. योगायोग असा कीं, चंद्रपुरापासून निराळा होऊन गडचिरोली जिल्हाही त्याच महिन्याच्या २६ तारखेस अस्तित्वांत आला.

संकेतस्थळावरील अर्ज पुष्कळदां पीएचपी भाषेंतील एका छोट्या प्रोग्रामच्या हातीं असतो. तो ‘मेल’ ही आज्ञा देतो, आणि ‘होय’ असें उत्तर मिळतांच पडद्यावर ‘पाठविला’ असें छापतो. परंतु या ‘होय’चा अर्थ एवढाच कीं, त्याच यंत्रावरील टपाल वाहणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामनें पत्र ठेवून घेतलें. घरच्या गड्यानें पाकीट हातांत घेतलें, इतकेंच. तो टपालकचेरींत गेला कीं नाहीं, हें अद्याप कोणास ठाऊक? उत्तर ‘होय’ न आल्यास तो वाहक त्या यंत्रावर मुळींच नसावा, किंवा जागा भाड्यानें देणाऱ्या कंपनीनें ती सोय बंद ठेविली असावी, असें बहुधा समजावें.

‘होय’ मिळूनही पत्र पोंचलें नसेल, तर वाहकाची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडावी. तींत पलीकडील यंत्राचें उत्तर तीन अंकी संख्येनें लिहिलेलें असतें. २ नें आरंभ होणारी संख्या म्हणजे ‘स्वीकारलें’. ४ नें होणारी म्हणजे ‘आतां नाहीं, मागाहून या’. आणि ५ नें होणारी म्हणजे साफ नकार. ४ चें उत्तर आल्यास वाहक पत्र रांगेंत ठेवून कांहीं दिवस पुन्हां पुन्हां खेपा घालतो; उतावळेपणानें तोच अर्ज दहा वेळां धाडूं नये. ५ चें उत्तर आल्यास शेजारीं दिलेलें कारण अक्षरशः वाचावें. पत्ता चुकला कीं पाठविणाराची ओळख पटली नाहीं, हें बहुधा तेथेंच सांपडतें. पलीकडून उत्तरच न येतां वेळ संपल्याची नोंद असेल, तर बाहेर पडण्याचें २५ क्रमांकाचें दार कंपनीनें लावून घेतलेलें असण्याचा संभव आहे. अशा वेळीं ५८७ क्रमांकाच्या दारानें, नांव व परवलीचा शब्द देऊन, एखाद्या टपालसेवेमार्फत रीतसर पत्र धाडावें. आणि ‘स्वीकारलें’ अशी नोंद असूनही पत्र दिसत नसेल, तर अधीक्षकांनीं ‘स्पॅम’चा कप्पा पाहावा.

तेथें तें कां पडतें? एक दोष वारंवार आढळतो. पालकास उत्तर देणें सोपें जावें, म्हणून प्रोग्राम लिहिणारा ‘प्रेषक’ या जागीं पालकाचाच जीमेलचा पत्ता घालतो. हेतु भला, परंतु कृति दुसऱ्याच्या नांवानें सही केल्यासारखी. पत्र निघतें वसतिगृहाच्या यंत्रावरून आणि नांव सांगतें जीमेलचें. घेणाऱ्या यंत्रानें त्यास तोतया समजावें यांत नवल तें काय? प्रेषक म्हणून संस्थेचाच पत्ता घालावा, आणि पालकाचा पत्ता ‘उत्तर येथें द्यावें’ या रकान्यांत ठेवावा. तोही आधीं तपासून घ्यावा. कारण त्यांत नव्या ओळी घुसवून लबाड लोक आपलीं पत्रें तुमच्या यंत्रावरून रवाना करूं शकतात.

याशिवाय संस्थेच्या नांवाच्या इंटरनेटवरील नोंदींत तीन गोष्टी असाव्या: आपल्या नांवानें कोणतीं यंत्रें पत्र धाडूं शकतात त्यांची यादी, म्हणजे एसपीएफ, पत्रावरील मोहोर पडताळण्याची किल्ली, म्हणजे डीकेआयएम, आणि पडताळा न जुळल्यास काय करावें याची सूचना, म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनें आपल्याकडे पत्रें धाडणाऱ्या प्रत्येकास पहिल्या दोहोंपैकीं एक तरी, आणि दिवसास ५,००० वा अधिक पत्रें धाडणारास तिन्ही आवश्यक केल्या आहेत.

एवढी दक्षता घेऊनही एखादें पत्र हरवणारच. म्हणून अर्ज आधीं संस्थेच्या स्वतःच्या नोंदींत उतरवावा, मग पत्र धाडावें. अर्जाची एकुलती एक प्रत ईमेलच्या भरंवशावर कधींही सोडूं नये. पडद्यावर ‘पाठविला’ असें न लिहितां ‘नोंद झाली, क्रमांक अमुक; आठ दिवसांत उत्तर न आल्यास या फोनवर विचारावें’ असें लिहावें, आणि सिरोंचासारख्या ठिकाणीं तें मराठीप्रमाणेंच तेलुगूंतही असावें. अधीक्षकांनींही रोज सायंकाळीं ती नोंद व पेटी ताडून पाहावी. यास कांहीं विशेष विद्वत्ता लागत नाहीं.

ज्या घरीं अशीं कामें करणारीं मुलें असतील, तेथील वडीलधाऱ्यांस पीएचपी येत नसलें तरी चालेल. त्यांनीं मुलांस एकदां एवढेंच विचारावें: ‘बाळ, अर्ज पोंचला नाहीं, तर तें तुला कळेल कसें?’