दुकान कुणाचंही असो, पिशवी बाईच्याच हातात

आमच्या शहाडला साखळी दुकानाची पाटी लागली आणि वस्तीत दोन तट पडले. एक म्हणतो, स्वस्ताई आली. दुसरा म्हणतो, पोटावर पाय आला. दुसऱ्या तटाने मोर्चा ठरवला, तेव्हा त्यांचे पुढारी आमच्याकडे आले. ‘ताई, बायका पुढे ठेवा, पोलीस हात लावत नाहीत.’ चर्चेला आम्हाला बोलावलं नव्हतं, मागण्यांत आमची एक ओळ नव्हती. आम्ही नाही म्हटलं. लगेच ‘तुम्ही भांडवलदारांच्या’ असा शिक्का बसला. म्हणून हे लिहिते आहे.

आधी स्वस्ताईचं बघू. साखळी दुकानात माल स्वस्त मिळतो, हे खरं. पण कुणाला? जिच्या घरी एक तारखेला पगार येतो आणि डबे-पिंपं ठेवायला जागा आहे, तिला. सेंच्युरी रेयॉनमध्ये कायम नोकरी असलेल्याच्या घरी ते जमेल. धुणीभांडी करणारी, नाक्यावर कामासाठी उभी राहणारी बाई रोज दहा रुपयांचं तेल आणि पावशेर डाळ आणते. मोठ्या पिशवीवरची सवलत तिच्यासाठी नसतेच.

मग कोपऱ्यावरचा वाणी तरी आपला का? शेजारच्या मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली. तिथल्या बायका सांगतात, कित्येक महिने चूल वाण्याच्या वहीवर पेटली. ते विसरायचं नाही. पण वहीची दुसरी बाजूही बाईलाच ठाऊक असते. उधारीवाली भावावर बोलू शकत नाही, वजनावर बोट ठेवू शकत नाही. नवऱ्याची विडी-तंबाखू त्याच वहीत, आणि तगादा मात्र तिला, चारचौघांत. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका अशाच कर्जात रुतल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे सावकाराचा पाश सैल झाला.

स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवालीचं नाव मोर्चाच्या पत्रकात ठळक छापलंय. पण एरवी तिला आपल्या दुकानासमोरून उठवणारे यातलेच काही जण! २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश बायका असायला हव्यात. या मागणीसाठी मोर्चा कधी निघाला होता?

दुकानवाले सांगतात, मुलींना नोकऱ्या मिळतील. मिळाव्यातच. वस्तीतल्या मुलीला घराबाहेर पडायला, स्वतःचा पैसा हातात यायला यातून वाट मिळते, हे मी कमी लेखत नाही. पण कसली नोकरी? कंत्राटावर, दिवसभर उभ्याने, जाताना पिशवीची झडती देऊन? सुभिक्षा या साखळीची देशभर शेकडो दुकानं होती, २००९ साली ती एकामागोमाग बंद पडली. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायका संघटित झाल्या, आणि २०१८ साली त्यांनी कामावर बसण्याचा हक्क कायद्यात आणला. साधं स्टूल मिळवायला एवढं लढावं लागलं! आपल्याकडे २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षा हवी, घरापर्यंत पोचवण्याची सोय हवी. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी. पाटी लावताना हे कुणी विचारलं?

आता चौकात या भांडणाला वेगळाच रंग चढतोय. सिंधी व्यापारी, मराठी गिऱ्हाईक, उत्तरेकडचा फेरीवाला. मैत्रिणींनो, या सापळ्यात पाय घालू नका. १९४९ साली उल्हासनगर वसलं ते फाळणीच्या निर्वासितांचं. तिथेही पापड लाटून घर सावरलं ते बाईनेच. रेल्वेच्या या बाजूला काय, त्या बाजूला काय, महिनाअखेरीस डबा सगळ्यांचाच खडखडतो.

आणि सगळ्या गदारोळात तिसरं दुकान कुणाच्या तोंडीच नाही. ते रेशनचं! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख झाली. पण कुटुंबप्रमुखाला कायद्याने हक्काचं मिळतं ते धान्य. तेल-डाळीचं काय? १९७२ साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी रोजच्या जिन्नसांचा प्रश्न थेट सरकारला विचारला होता. त्या कुणा व्यापाऱ्याच्या मोर्चाची शोभा म्हणून गेल्या नव्हत्या.

म्हणून आपल्या मागण्या आपणच लिहू. रेशनवर तेल आणि डाळ कायमची मिळाली पाहिजे. भाजीवालीला परवाना आणि ठरलेली जागा मिळाली पाहिजे. नव्या दुकानात नेमणूकपत्र, बसायला स्टूल, अंतर्गत समिती हवी. आणि बचत गटांनी महिन्याचा किराणा एकत्र घाऊक आणून, गरजेपुरता सुटा वाटून घ्यायला सुरुवात करावी. नायगावच्या कामगारांनी १९४८ साली अपना बाजार असाच एकत्र येऊन उभा केला.

पुढच्या वेळी पुढारी बायका मागायला आले, तर त्यांना हा कागद दाखवा. यावर सही करत असाल तर या, म्हणावं. पण पुढच्या रांगेत घोषणा आमच्या असतील.