गिअर नाही, तार बिघडलीय!

पावसाळा संपतो, ऑक्टोबर हीट सुरू होते आणि ग्रुपवर मेसेज पडतो. ‘या संडेला खडकवासला, सकाळी सहा, कोण कोण येतंय?’ तुम्ही जोशात अंगठा दाखवता. मग काय, बाल्कनीतली सायकल कव्हराखालून बाहेर निघते. टायरमध्ये हवा, चेनवर दोन थेंब तेल, सीटवरून एक फडकं... झालं सर्व्हिसिंग! पण पहिल्याच चढावर कळतं की गिअर पडतच नाहीये. शिफ्टर बिचारा क्लिक क्लिक करतोय, मागे मात्र सामसूम. तुम्ही नाद सोडून दिलात की मग चेन खाड्‌कन उडी मारते.

आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक, दुकानात ‘मागचा गिअरच गेलाय, सेट बदलायला लागेल’ असं ऐकून तुम्ही खिसा चाचपडता. दोन, ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत सायकल परत बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात. दुसरी गोष्ट जास्त कॉमन! एवढ्या हौसेने घेतलेली सायकल अशी रिटायर होते. आणि बरेचदा दोष असतो तो जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीच्या एका तारेचा.

आधी फंडा क्लिअर करू

हँडलवरच्या शिफ्टरपासून मागच्या डिरेलरपर्यंत स्टीलची एक तार जाते. ती म्हणजे इनर. ती ज्या नळीतून जाते ती आउटर. इंग्लंडमध्ये १८९६ साली अर्नेस्ट बाउडन यांनी नळीतल्या अशा तारेचं पेटंट घेतलं, म्हणून तिला बाउडन केबल म्हणतात. मोठ्या चकतीवर जाताना तुमचा अंगठा ही तार ओढतो. लहान चकतीवर येताना शिफ्टर तार नुसती सोडून देतो आणि ती मागे खेचायचं काम डिरेलरमधली स्प्रिंग करते. अंगठ्यात दम असतो, स्प्रिंगमध्ये मोजकाच. म्हणून नळीत घाण साठली की आधी हार मानते ती स्प्रिंग.

पूर्वी लिव्हर अंदाजाने सरकवून गिअर टाकायचे. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एससाठी एसआयएस आणलं. एक क्लिक, एक गिअर. एकदम सोपं! पण त्याबरोबर तारेचे नखरेही वाढले. एका क्लिकला ती काही मिलिमीटरच सरकते. त्यातला थोडा भाग गंजाने खाल्ला, तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत बसते.

आजार ओळखा

टेस्ट सोपी आहे. मोठ्या चकतीवर चेन नीट चढते, पण लहान चकतीवर यायला आढेवेढे घेते? मग पहिला संशय केबलवर. उलट, मोठीवर चढायलाच त्रास होत असेल, तर बहुतेक तार सैल झालीय. आणि सायकल उजव्या बाजूला पडल्यापासून हा प्रकार सुरू झाला असेल, तर डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकलाय का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. तिथे तेल घालून काही होणार नाही.

घाण साठण्याच्या दोन जागा ठरलेल्या. मागच्या डिरेलरजवळचा आउटरचा शेवटचा वळसा आणि पेडलच्या अक्षाखाली तार जिथून वळते ती प्लास्टिकची खोबण. पावसाचं पाणी, रस्त्यावरचा चिखल, सगळं तिथेच मुक्कामाला. मुंबई, गोवा, रत्नागिरीवाल्यांना खारी हवा बोनस!

चला, बाह्या वर करा

सामान काय? दोन जुनी सुती फडकी, पातळ तेल आणि मागचं चाक उचलून धरायला एक मित्र. पाना-पक्कड काही नको. वेळ, अर्धा तास.

१. मित्राला मागचं चाक उचलायला सांगा. पेडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर आणा. आता पेडल थांबवा.

२. पेडल अजिबात न फिरवता शिफ्टर क्लिक करत सगळ्यात लहान चकतीच्या नंबरपर्यंत न्या. चेन जागची हलणार नाही, पण तार सैल होऊन लोंबायला लागेल. अख्ख्या कामातली मेख हीच!

३. फ्रेमवर आउटर जिथे येऊन टेकते, तिथे बहुतेक सायकलींना खाच असलेले छोटे स्टॉप असतात. सैल तार त्या खाचेतून बाजूला काढा. मग आउटर तारेवरून पुढे-मागे सरकवता येते आणि एरवी लपलेली तार उघडी पडते.

४. कोरड्या फडक्याने तार चिमटीत धरून पुसा. फडकं काळं-तांबडं होईल, घाबरू नका. जुन्या तारेचं कुसळ बोटात घुसू शकतं, म्हणून उघड्या बोटांनी चोळू नका.

५. दुसऱ्या फडक्यावर तेलाचे तीन-चार थेंब घ्या आणि तारेच्या त्याच भागावरून फिरवा. तार ओली दिसायला नको, नुसती चमकायला हवी. आउटर चार-पाच वेळा पुढे-मागे सरकवा. अक्षाखालची खोबणही पुसून घ्या.

६. आउटर परत स्टॉपमध्ये बसवा. तिच्या टोकांच्या टोप्या नीट बसल्यात ना, बघा. पेडल फिरवा, चेन आपोआप लहान चकतीवर उतरेल. आता एकेक गिअर टाकून बघा.

चेन मोठ्या चकतीवर जायला अजून कां-कूं करतेय? आउटर डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल अ‍ॅडजस्टर, मागून बघताना, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा. लहानवर यायला कुरकुर असेल तर काट्यांच्या दिशेने. बस्स. शेजारच्या दोन छोट्या स्क्रूंना मात्र हात लावायचा नाही, बॉस! चेनने कुठपर्यंत जायचं ही हद्द ते ठरवतात. ते चुकले तर चालत्या सायकलची चेन मागच्या चाकाच्या तारांमध्ये जाऊ शकते.

पुढच्या गिअरचीही हीच युक्ती. तिथे चेन मोठ्या चकतीवर आणायची आणि पेडल न फिरवता शिफ्टर लहानवर न्यायचा. तुमच्या सायकलची केबल फ्रेमच्या आतून जात असेल किंवा सलग आउटरमध्ये बंद असेल, तर डिरेलरचा बोल्ट सोडून तार काढावी लागते. ते काम पहिल्यांदा मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा.

तेल कुठलं?

सायकलच्या दुकानातलं पातळ ड्राय लूब बेस्ट. नाही मिळालं तर शिलाई मशिनचं तेल झकास चालतं. हार्डवेअरच्या दुकानात छोटी बाटली सहज मिळते. इंजिन ऑइल, घट्ट ग्रीस नको, कारण जाड वंगणात धूळ चिकटते आणि नळीत पेस्ट तयार होते. खोबरेल तर अजिबात नाही! ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरमधल्या पहाटेच्या राइडला तुमच्या गिअरचं काय होईल, विचार करा. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला छान, पण ते लवकर उडून जातं, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि तुमच्या तारेवर मुळातच कोटिंग असेल, तर ती नुसती पुसा.

तेलाने भागत नाही तेव्हा

तारेचा एक धागा जरी सुटलेला दिसला, तरी तेलाचा विचार सोडा आणि इनर बदला. शिफ्टरच्या तोंडाशी जरूर बघा, कारण तार बरेचदा तिथेच, आतल्या वळणावर तुटते. आणि मागची केबल तुटली की चेन थेट सगळ्यात लहान चकतीवर जाते, म्हणजे पेडलला सगळ्यात जड गिअर. कात्रजच्या चढावर हे झालं तर पुढचा घाट सायकल ढकलत! नवी इनर मल्टिप्लेक्सच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते. स्टेनलेस स्टीलचीच मागा. आउटरमधून पाणी किंवा तांबडी भुकटी येत असेल तर तीही बदला, पण ती घरच्या पकडीने कापू नका. तोंड दबतं आणि आत तार अडकते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गिअरची आणि ब्रेकची आउटर दिसायला सारखी असली, तरी आतून वेगळी असते. ब्रेकच्या नळीत गोल वेटोळी असतात, गिअरच्या नळीत लांबीला समांतर तारा. ब्रेकची नळी गिअरला लावली तर गिअर ढिले पडतात. पण गिअरची नळी ब्रेकला लावली, तर जोरात ब्रेक दाबल्यावर ती फाटू शकते, आणि तीसुद्धा नेमकी बसच्या मागे असताना! दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला, तरी तुम्ही चालवून घेऊ नका.

वर्षातून दोनदा हे केलंत तरी खूप झालं. एकदा मेअखेरीला, पाऊस सुरू व्हायच्या आधी. आणि दुसऱ्यांदा? दसऱ्याला गाडी धुवून झेंडूचा हार घालतोच ना आपण? या वर्षी बाल्कनीतल्या सायकललाही घाला. फक्त त्याआधी अर्धा तास तिच्या केबलला द्या, म्हणजे संडेला सहा वाजता ‘मी आज नाही येत’ असा मेसेज टाकावा लागणार नाही.