सोफ्याखालचा चेंडू आणि राहून गेलेली गोळी

आमच्या घरी बंड्या नावाचा कुत्रा आहे. जात विचाराल तर मुलुंडची. चार वर्षांपूर्वी भर पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला आणि आमचाच झाला. त्याच्याकडून मला काही शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझी एक चूक लक्षात आली ती त्याच्यामुळेच.

बंड्याचा चेंडू नेहमी सोफ्याखाली जातो. पूर्वी तो समोरूनच नाक खुपसायचा, पंजाने फरशी खरवडायचा, भुंकायचा. चेंडू वीतभर अंतरावर दिसायचा, पण मिळायचा नाही. एके दिवशी तो दमला, मागे सरकला आणि खोलीच्या मध्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने उठला, भिंतीकडच्या फटीतून आत शिरला आणि चेंडू घेऊन बाहेर आला.

वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये असंच काहीसं नोंदवलं आहे. कुंपणापलीकडे खाणं लांब टाकलं की कुत्री चटकन वळसा घालून तिथे पोचायची. तेच खाणं जाळीला अगदी लागून टाकलं, की ती जाळीशीच नाक लावून उभी राहायची. म्हणजे हवी ती गोष्ट जितकी नाकासमोर, तितका वळसा सुचणं कठीण!

मीही जाळीशीच उभा होतो

माझे एक पेशंट आहेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय पन्नाशीचं, नोकरी फोर्टला, घरी यायला रात्रीचे साडेनऊ. मधुमेह जुना. दर वेळी रिपोर्ट वाढलेला. मी दर वेळी तेच करायचो. गोड बंद करा म्हणायचो आणि गोळीचा डोस वाढवायचो. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी पेन उचललं आणि बंड्या आठवला. पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, ते सगळं सांगा."

"रात्रीची गोळी जेवल्यावरच घेतो, डॉक्टर. तुम्हीच तसं लिहून दिलंय."

"आणि जेवता किती वाजता?"

ते जरा ओशाळले. "खरं सांगू? आठवड्यातले तीन-चार दिवस जेवतच नाही. स्टेशनवर वडापाव होतो, घरी आलो की आडवा."

जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. त्यांनी माझी सूचना अक्षरशः पाळली होती! आणि जी गोळी पोटात जातच नव्हती, तिचा डोस मी वाढवत होतो. त्यातली एक गोळी तर अशी, की वाढलेल्या डोसमध्ये ती कधी उपाशीपोटी घेतली गेली असती, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेली असती. हा विचार आला की आजही पोटात गोळा येतो.

मग आम्ही वळसा घातला. डोस नव्याने ठरवला. ऑफिसमध्ये दुसरा छोटा डबा, संध्याकाळी सात वाजता पोळीभाजी आणि त्यासोबत गोळी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी पुढच्या वेळी बरीच सुधारली होती. अजून पूर्ण आटोक्यात नाही, पण दिशा बदलली.

तुम्हीही हे करून बघा. साखर, बीपी, वजन, झोप, जे काही अडलं असेल त्यासाठी तीन दिवस वहीत सगळं लिहा: उठणं, खाणं, गोळ्या, प्रवास, झोप. सोफ्यापासून लांब बसल्याशिवाय भिंतीकडची फट दिसत नाही. मात्र डोस स्वतःहून बदलू नका. ती वही घेऊन डॉक्टरांकडे या.

अडलं की मान वर करा

चेंडू फारच आत गेला की बंड्या माझ्या तोंडाकडे बघतो, मग सोफ्याकडे, पुन्हा माझ्याकडे. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये माणसांत वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांची तुलना केली. न सुटणारं काम समोर आल्यावर कुत्रे माणसाच्या चेहऱ्याकडे लवकर आणि जास्त वेळ बघत होते. त्यात कमीपणा कसला? आपण मात्र 'डॉक्टर ओरडतील' म्हणून चुकलेल्या गोळ्या लपवतो. अहो, लपवलेल्या गोळीवर मी उपाय कसा करू?

छोटा विजय मोठा असतो

'माझं काही होणार नाही', हे वाक्य मी रोज ऐकतो. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज वाचतानाही तो क्रूर वाटतो. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके टाळणं आधी शक्यच नव्हतं, त्यांतले बरेचसे पुढे वाट मोकळी असूनही पडून राहिले. नंतर त्यांना ओढून पलीकडे नेऊन दाखवल्यावर ते पुन्हा स्वतः प्रयत्न करू लागले. 'आपल्या हातात काही आहे' हे अनुभवाने शिकावं लागतं, नुसत्या उपदेशाने नाही.

म्हणून सुरुवात अशा गोष्टीने करा, जी नक्की जमेल. जेवणानंतर दहा मिनिटं चाला, मग हळूहळू वाढवा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि रोजच्या चालण्याचं मार्गदर्शन दिलं गेलं. तीन वर्षांत, मार्गदर्शन न मिळालेल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. मार्गदर्शन मिळालेल्यांमध्ये हा आकडा ३९ होता.

हे मात्र शिकू नका

कुत्रे दुखणं लपवतात. बंड्याच्या पायात काच गेली होती, ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं. छातीत दाब, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, यांत वळसा नको आणि वहीही नको. तडक हॉस्पिटल गाठा.

बाकी दिवसांसाठी एवढंच: तोच उपाय तिसऱ्यांदा फसला, तर जोर वाढवण्याआधी दोन पावलं मागे या. डॉक्टर तसं करत नसेल, तर त्यालाही आठवण करून द्या. मला दिलीत तर मी रागावणार नाही.