पेंग्विनचं मीम संपलं, पुढे काय?

एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प यांनी हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटांवर १० टक्के टॅरिफ लावलं आणि सोशल मीडिया पेंग्विनच्या मीम्सनी भरून गेला. माणूसच राहत नाही, तर टॅक्स भरणार कोण? हसलो, फॉरवर्ड केलं, विषय संपला.

खरी बातमी नोव्हेंबरमध्ये आली. याच हर्ड बेटावरच्या एलिफंट सीलमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू सापडला. तिचं मीम झालं नाही.

हर्ड बेट ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे ४ हजार किलोमीटर दूर, अंटार्क्टिकाच्या दिशेला. सगळीकडे बर्फ आणि मधोमध २,७४५ मीटर उंच जागृत ज्वालामुखी. विमानतळ नाही, बंदर नाही. तरी विषाणू पोचला, बहुधा पक्षी आणि सीलसोबतच. २०२३मध्ये साउथ जॉर्जिया, २०२४मध्ये केर्गेलेन, मग हर्ड. साउथ जॉर्जियाच्या मोठ्या वसाहतींत पिल्लं द्यायला येणाऱ्या एलिफंट सील माद्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आल्या.

म्हणाल, नांदुऱ्यात बसून आपल्याला काय त्याचं? अहो, नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तेही एच५एन१नेच. देशातली कोंबड्यांमधली पहिली साथही २००६मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला आली होती.

‘लांब आहे’ म्हणून कुणी वाचत नाही, हे त्या निर्मनुष्य बेटाने दाखवून दिलं. त्यामुळे एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर हात लावू नका, रीलही काढत बसू नका. आधी गुरांच्या दवाखान्यात कळवा.